धागा: पैठणी काठाची रिबन, टाके, शिंतोडे, मराठी शब्दांची स्टिकरं – डिजिटल स्क्रॅपबुकचं सामान गिंपमध्ये कसं बनवायचं?

गोदातीर

नाशिक या विषयावर डिजिटल स्क्रॅपबुकचं एक किट (फोटोच्या पानावर लावायच्या सजावटीचा संच) करायचं आहे. यादी: येवल्याच्या पैठणी काठाची रिबन, धावदोऱ्याचे टाके, रंगपंचमीला रहाडीतून (जमिनीतल्या रंगाच्या हौदातून) उडतात तसे रंगाचे शिंतोडे, मठारलेल्या (ठोके देऊन घडवलेल्या) तांब्याची बटणं, झेंडू, द्राक्षवेलीच्या बाळ्या आणि मराठी शब्दांची स्टिकरं. चित्रं करायला गिंप २.१० वापरते, लागलं तर इंकस्केप आणि क्रिटासुद्धा आहे. पान नेहमीचंच, १२ बाय १२ इंच, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल.

कच्चा खर्डा जोडलाय. रिबन प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी दिसते आणि टाके चिकटवल्यासारखे वाटतात. सावली आधीच घालून द्यायची की नाही, हेही सांगा.

पिक्सेलपंत

खर्डा पाहिला. रंगात फार खोट नाही, मापात आहे. स्क्रॅपबुकचं पान बहुतेकदा छापलं जातं आणि त्यावर ४ बाय ६ इंचाचा फोटो असतो. त्याच्या शेजारी १ सेंटिमीटरचा टाका दिसला की डोळा लगेच पकडतो, मग टेक्श्चर कितीही सुरेख असो. म्हणून प्रत्येक वस्तूचं माप आधी मिलिमीटरमध्ये ठरवायचं आणि मग पिक्सेलमध्ये न्यायचं. ३०० पीपीआयला १ मिमी म्हणजे ११.८ पिक्सेल. तोंडी हिशेबाला १२ धरा.

त्या हिशेबाने धावदोऱ्याचा ३ मिमीचा टाका ३६ पिक्सेल, मधली मोकळी जागा २ मिमी म्हणजे २४, दोऱ्याची जाडी ९-१०. वॉशी टेप (नक्षीची कागदी चिकटपट्टी) १५ मिमीची असते, म्हणजे १७७ पिक्सेल. शर्टाचं बटण ११ मिमी धरलं तर १३०. तुमच्या खर्ड्यातलं बटण ४१० पिक्सेलचं आहे, म्हणजे जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर. ते ओव्हरकोटाला शोभेल.

पण बटण १३० पिक्सेलचं आहे म्हणून १३० च्या कॅनव्हासवर काढू नका. तिप्पट काढा आणि शेवटी कमी करा. कमी करताना ब्रशचे ओरखडे मिटतात, वाढवताना ते उघडे पडतात.

रेशीमगाठ

काठाबद्दल मी लिहिते. रिबन प्लॅस्टिकची वाटायची दोन कारणं आहेत.

पहिलं, नक्षीच्या कडा गुळगुळीत आहेत. पैठणीची नक्षी रंगीत बाणा (आडवा धागा) ताण्याभोवती (उभ्या धाग्यांभोवती) वळवून विणली जाते. जवळून पाहिलं तर मोराच्या मानेलासुद्धा बारीक पायऱ्या असतात. पेन टूलने काढलेलं सुबक वळण तिथे परकं दिसतं.

दुसरं, धाग्याच्या रेषा तुम्ही रिबनच्या लांबीत टाकल्यात. काठ साडीच्या लांबीत, म्हणजे ताण्याच्या दिशेने जातो. वर चमकतो तो जरीचा बाणा, आणि तो काठाच्या रुंदीत धावतो. तेव्हा रिबन आडवी असेल तर धाग्याच्या रेषा उभ्या हव्यात. लांबीत टाकल्या की तिची गोटापट्टी होते.

आता कृती. नवी इमेज फक्त ७५ बाय ५० पिक्सेलची घ्या. हो, एवढीच. पेन्सिल टूल, आकार १. पेंटब्रश नको, तो कडा मऊ करतो. वरच्या आणि खालच्या कडेला दोन-दोन ओळी गडद रंगाच्या, मधली जमीन जरीची, आणि त्यावर आसावलीची वेल. ५० ओळींत आसावली किंवा मुनिया (पोपट) नीट बसते. बांगडी मोराला १०० तरी ओळी लागतात, कमी दिल्या तर त्याची कोंबडी होते.

वेल उजव्या कडेला ज्या ओळीवर संपते, डाव्या कडेला तिथूनच सुरू व्हायला हवी. लेयर → ट्रान्सफॉर्म → ऑफसेट उघडून आडवं ३७ सरकवलं की सांधा मधोमध येतो आणि चूक दिसते. क्रिटामध्ये डब्ल्यू दाबलं की रॅपअराउंड मोड सुरू होतो आणि काढता-काढताच पुनरावृत्ती दिसते. मला या एका कामाला क्रिटाच बरा वाटतो.

मग इमेज → स्केल इमेज, ४५० बाय ३००, आणि इंटरपोलेशन ‘नन’. दुसरं काहीही निवडलंत तर पायऱ्यांचा गिचका होतो. आता प्रत्येक घर (मूळचा एक पिक्सेल) ६ पिक्सेलचं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं झालं. खरी पैठणी याहून बारीक असते, पण तितकं बारीक छपाईत टिकत नाही. हे कॉपी करा, ३६०० बाय ३०० ची नवी इमेज घ्या आणि बकेट फिलमध्ये ‘पॅटर्न’ निवडून क्लिपबोर्डचा पॅटर्न ओता. ४५० आठ वेळा बरोबर बसतं, शेवटी अर्धी नक्षी उरत नाही.

धागा: ६ बाय ६ पिक्सेलची आणखी एक चिमुकली इमेज घ्या. तिच्या सहा उभ्या रांगांना डावीकडून राखाडी रंग द्या: ९०, १३०, १६५, १६५, १३०, ८०. हा पॅटर्न वेगळ्या लेयरवर भरा, मोड ओव्हरले, अपारदर्शकता ३५ टक्के. दोन्ही पॅटर्न डाव्या-वरच्या कोपऱ्यापासूनच सुरू व्हायला हवेत. ३ पिक्सेलने जरी सरकलं तरी धाग्याची खाच घराच्या मधून जाते आणि विणकामाचा भास तिथेच संपतो.

जरीसाठी एक पिवळा पुरत नाही. मूळ रंग लाल २०१, हिरवा १५४, निळा ५९. सावलीला १३८, ९८, ३०. चमकेला २४३, २२०, १४३. आणि जरीचा प्रत्येक धागा प्रकाश वेगळा झेलतो, त्यासाठी ६०० बाय १ पिक्सेलची राखाडी नॉइज करा आणि ती ‘नन’ ठेवूनच ३६०० बाय ३०० ला ताणा. ६ पिक्सेलच्या उभ्या पट्ट्या मिळतात, एका धाग्याला एक छटा. सॉफ्ट लाइट, ३० टक्के. प्लॅस्टिकपणा जातो तो इथे.

गोदातीर

रेशीमगाठ, ही ६०० बाय १ ची युक्ती फारच भारी आहे. करून पाहिलं, धागे सुटे दिसायला लागले. फक्त रिबन पानावर ३३ टक्क्यांवर आणली की लाटा उठतात.

रेशीमगाठ

उठणारच. ६ पिक्सेलचा धागा तिथे २ पिक्सेलचा होतो, आणि पिक्सेलच्या जाळीशी त्याचं जमत नाही. किटमध्ये दोन रिबनी द्या: एक ३०० पिक्सेल रुंद, दुसरी १५० रुंद. दुसरी मोठीवरून कमी करायची नाही, ती २५ ओळींच्या सोप्या नक्षीवरून नव्याने करायची, घर ६ पिक्सेलचंच ठेवून. नारळी काठाचे त्रिकोण तिला छान बसतात.

सराफबाजार

खरी साडीच स्कॅन केली तर? घरात असतेच की.

पिक्सेलपंत

करता येतं. फ्लॅटबेडवर ६०० पीपीआयला करा, झाकणाऐवजी वर जाड पुठ्ठा ठेवा म्हणजे कापड सपाट बसेल. अडचण जरीची. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो, त्यामुळे जर एका दिशेला पांढरी फटफटते आणि दुसऱ्या दिशेला मातकट काळी पडते. काठ ९० अंशांत फिरवून दुसरा स्कॅन घ्या आणि जो बरा असेल तो ठेवा. कापड किंचित तिरकं असतंच, ते सॉफ्टवेअरमध्ये सरळ करताना पुन्हा सगळं मऊ होतं. शिवाय एखाद्या विणकराची नवी, स्वतःची नक्षी असेल तर ती किटमध्ये विकणं बरोबर नाही. पारंपरिक आसावली घरांवर काढणं त्यापेक्षा सोपंही आहे आणि स्वच्छही.

सुईदोरा

टाक्यांचं मी सांगते. ‘चिकटवल्यासारखे’ दिसतात कारण दोरा कागदात कुठे शिरतोय तेच दिसत नाही. भोकं हवीत.

४८ बाय ४८ चा पारदर्शक कॅनव्हास. मधोमध ३६ लांब, १० जाड, गोल टोकांचा टाका. वरची कड उजळ, खालची गडद, अंगावर तीन तिरक्या बारीक रेषा (पीळ), दोन्ही टोकं अंमळ काळपट. दुसऱ्या तशाच ४८ च्या कॅनव्हासवर फक्त टाक्याच्या दोन टोकांशी ८ पिक्सेलची दोन गडद तपकिरी भोकं. दोन्ही कॉपी करून एडिट → पेस्ट ॲज → न्यू ब्रश, स्पेसिंग १२५. टाका ३६ अधिक जागा २४ मिळून ६०, आणि ४८ चे १२५ टक्के ६०.

कॅनव्हास चौरसच ठेवा. ४८ बाय १० चा आडवा ब्रश केला तर उभ्या बाजूवर अंतर ब्रशच्या उंचीवरून धरलं जातं आणि टाके एकमेकांवर चढतात.

पेंटब्रशच्या पर्यायांत डायनॅमिक्स ‘ट्रॅक डायरेक्शन’, आकार मूळ ४८ वर. पाथ काढा, स्ट्रोक पाथ, ‘पेंट टूलने’ निवडा आणि ‘एम्युलेट ब्रश डायनॅमिक्स’वर खूण करा. ती खूण करायची राहिली तर सगळे टाके आडवेच पडतात. आधी भोकं खालच्या लेयरवर, मग टाके वरच्यावर.

चौकटीच्या चारही बाजू चार वेगळे पाथ ठेवा आणि प्रत्येक बाजू ६० च्या पटीत. एकच बंद पाथ ठेवला तर कोपऱ्यावरचा टाका ४५ अंशांत तिरका पडतो. शिवणयंत्रावर असं होत नाही, सुई कोपऱ्यात खाली ठेवूनच कापड वळवतात. कोपऱ्यात दोन्ही टाक्यांचं भोक एकच असतं.

शेवटी टाक्यांचा लेयर एका नजरेने तपासा. सगळे हुबेहूब सारखे असतील तर आठ-दहा टाके सुटे निवडून एक-दोन अंश फिरवा. याहून जास्त नको, नाहीतर मुद्दाम केलेलं कळतं.

तांबटआळी

बटणाला सेल नॉइज (फिल्टर्स → रेंडर → नॉइज) आणि त्यावरून बंप मॅप (उठाव दाखवणारा फिल्टर). ॲझिमथ १३५, एलिव्हेशन ४५, डेप्थ ३, हे गिंपचे मूळ आकडेच ठीक आहेत. प्रकाश डावीकडून-वरून येतो. मठारकामात ठोके गोलाकार रांगांत पडतात, तेव्हा नॉइज लावल्यावर पोलर कोऑर्डिनेट्स फिल्टर मारा, नाहीतर ते तांबं चेपलेल्या डब्याचं वाटतं.

रहाड

शिंतोडे सॉफ्टवेअरमध्ये काढू नयेत असं माझं स्पष्ट मत. कागदावर शाई उडवा. जाड ड्रॉइंग पेपर, पातळ जलरंग, टूथब्रश आणि एक जाड कुंचला. पूर्ण वाळू द्या, ओल्या थेंबावर स्कॅनरचा दिवा चमकतो. ६०० पीपीआयला स्कॅन.

पांढरा घालवायला जादूची कांडी, म्हणजे फझी सिलेक्ट, वापरू नका. थेंबाची कड अर्धपारदर्शक असते, कांडी ती कुरतडते. कलर टू अल्फा वापरा, तो निवडलेला रंग काढून तिथे पारदर्शकता ठेवतो. पण कागद २५५ पांढरा नसतो, २४०च्या आसपास कुठेतरी असतो. तसंच केलं तर सगळ्या पानावर पुसटसा पडदा राहतो. आधी लेव्हल्समध्ये पांढरा ड्रॉपर कागदावर टेकवा, मग कलर टू अल्फा आणि त्यात ट्रान्स्परन्सी थ्रेशोल्ड ०.०५ करा.

आणि हे लक्षात असू द्या: कलर टू अल्फाने फिका गुलाबी हा ‘फिका गुलाबी’ राहत नाही, तो गडद गुलाबी पण अर्धपारदर्शक होतो. पांढऱ्या पानावर सारखाच दिसेल, काळ्या पानावर मळका. जलरंग असाच वागतो, तेव्हा ते चालेल. कोरडी रंगपूड हवी असेल तर त्याच आकाराचा पांढरा लेयर खाली ठेवून दोन्ही एकत्र करा.

सिडकोकर

झेंडूला दोनच गोष्टी. एक, फोटो काढताना एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ ठेवा. केशरी रंगात लाल चॅनल पटकन २५५ ला भिडतो आणि पाकळ्यांच्या रेषा कायमच्या जातात. हिस्टोग्राममध्ये फक्त लाल चॅनल बघा. दोन, मागे राखाडी कार्डशीट ठेवा. पांढरा ठेवला तर कडेला पांढरी किनार येते, हिरवा ठेवला तर देठ कापताच येत नाही.

किनार आलीच तर: अल्फा टू सिलेक्शन, श्रिंक १, फेदर १, इन्व्हर्ट, डिलीट. फोटोशॉपवाल्यांना लेयर → मॅटिंग → डिफ्रिंज, १ पिक्सेल.

शिरोरेषा

शब्दांचा प्रश्न राहिला. इंग्रजी किटमध्ये ‘अल्फा’ देतात, म्हणजे एकेक अक्षर सुटं पीएनजी. मराठीत तसं देऊन उपयोग नाही. शिरोरेषा जुळत नाही, वेलांटीची कमान प्रत्येक अक्षरावर वेगळ्या रुंदीची लागते, आणि जोडाक्षरं किती देणार? त्यापेक्षा पूर्ण शब्द द्या: बारसं, पहिलं पाऊल, मुंज, आजोळ, गोदाकाठ, सुट्टी. सुटी अक्षरं हवीच असतील तर एकेका चौकोनी ठोकळ्यावर अख्खं अक्षर मात्रेसकट ठेवा, तिथे शिरोरेषा जुळायची गरजच नाही.

फाँट: स्टिकरला मोदक किंवा बालू, हाताच्या लिखाणाला कलम, ठसठशीत पाटीला यात्रा वन. हे सगळे ओपन फाँट लायसन्सखाली आहेत, विकायच्या कलाकृतीत वापरता येतात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर तीरो देवनागरी मराठी घ्या. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात, तिथे गिंपच्या टेक्स्ट टूलमध्ये भाषा मराठी निवडा.

स्टिकर इंकस्केपमध्ये करा. ऑब्जेक्ट टू पाथ, अनग्रुप, मग युनियन. युनियन विसरलात तर बाहेरची रेघ देताच प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषेत उभी रेघ उमटते, कारण अक्षरं तिथे एकमेकांवर चढलेली असतात. पांढरी किनार ३ मिमी, म्हणजे ३५ पिक्सेल. गिंपमध्येच करायचं तर सिलेक्शन ३५ ने ग्रो, मग रिमूव्ह होल्स, आणि खालच्या लेयरवर पांढरा भरा. रिमूव्ह होल्स न केल्यास ‘ठ’च्या पोटात भोक राहतं. कात्रीने कापलेल्या स्टिकरला असं भोक नसतं.

जुन्या फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी उलट बाजूला पडत असेल तर प्रेफरन्सेस → टाइपमध्ये ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडा आणि फाइल नव्याने उघडा.

गोदातीर

शिरोरेषा, ठोकळ्यांची कल्पना उचलली. मण्यांवरही करता येईल. आता सावली?

करिज्मावाला

सावली घालूनच द्या. अल्बम करणाऱ्याला इतका वेळ नसतो. १२ बाय ३६ इंचाचं स्प्रेड (समोरासमोरची दोन पानं एकत्र) उघडायचं, सामान टाकायचं, पुढचं पान.

पिक्सेलपंत

नको. सावली आत भाजलेली असली की वस्तू फिरवताच सावलीही फिरते. पानावर एका फुलाची सावली उजवीकडे, दुसऱ्याची वर, म्हणजे दोन सूर्य. वस्तूच्या आतली सावली मात्र ठेवा: पाकळीवर पाकळीची, बटणाच्या भोकात दोऱ्याची. पानावर पडणारी सावली वापरणाऱ्याची.

फार तर किटसोबत एक पान सावलीचे आकडे लिहून द्या. ३०० पीपीआयला साधारण: टाके एक्स २, वाय २, ब्लर ३. रिबन ८, ८, १४. फूल १८, १८, ३०. वस्तू जितकी पानापासून उचललेली, तितकी सावली लांब, मऊ आणि फिकी. रिबनला ४५ टक्के, फुलाला ३५. रंग शुद्ध काळा नको, ४५, ३०, २० असा तपकिरी घ्या आणि मोड मल्टिप्लाय.

गिंप २.१० मध्ये ड्रॉप शॅडो दोन आहेत. साधा फिल्टर सावली त्याच लेयरमध्ये मिसळतो. ‘लेगसी’वाला वेगळा लेयर देतो, तो घ्या. रिबनचं टोक उचललेलं दाखवायचं तर त्या सुट्या सावलीला वॉर्प ट्रान्सफॉर्मने टोकाशी १०-१५ पिक्सेल बाहेर ओढा. रिबनला हात लावू नका.

करिज्मावाला

दोन सूर्याचं पटलं. मग माझ्याकडून एवढंच: स्प्रेड ३६०० बाय १०८०० चं, मधोमध घडी. बटण, शब्द, चेहरा घडीवर नको, दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच म्हणजे १५० पिक्सेल सोडा. रिबन घडीवरून बिनधास्त जाऊ द्या.

द्राक्षवेल

बाळ्यांना इंकस्केपचं स्पायरल टूल, वर पॉवर स्ट्रोक: बुडाशी १० पिक्सेल, टोकाला २. एकाच घडणीच्या डाव्या-उजव्या आरशातल्या जोड्या करू नका, वेल लगेच सरकारी कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेवरची दिसते.

सुईदोरा

किट बांधण्याआधी भटके पिक्सेल तपासा. खोडरबराने पुसलेल्या जागी १-२ टक्के अपारदर्शक ठिपके उरतात, डोळ्याला दिसत नाहीत. लेयरची प्रत काढा, लेयर → ट्रान्स्परन्सी → थ्रेशोल्ड अल्फा, मूल्य जवळजवळ शून्य. जे काही उरलंय ते ठसठशीत उमटतं. मूळ लेयरवर तेवढं पुसा आणि प्रत टाकून द्या. हे आधी करायचं, मग क्रॉप टू कंटेंट. उलट केलं तर कोपऱ्यातल्या एका ठिपक्यापायी क्रॉप होतच नाही.

गोदातीर

केलं. झेंडूच्या फाइलमध्ये डाव्या कोपऱ्यात अख्खी ओळ निघाली! निर्यातीला काही विशेष?

पिक्सेलपंत

पीएनजी. ‘सेव्ह रेझोल्यूशन’वर खूण ठेवा, नाहीतर समोरच्याकडे फाइल ७२ पीपीआयची म्हणून उघडू शकते आणि तो विचारतो की रिबन चार फूट लांब कशी. ‘सेव्ह कलर व्हॅल्यूज फ्रॉम ट्रान्स्परंट पिक्सेल्स’ची खूण काढा, फाइल हलकी होते. रंग एसआरजीबीच. मूळ एक्ससीएफ (गिंपची लेयरसकट फाइल) स्वतःकडे ठेवा.

सराफबाजार

व्हॉट्सॲपवर पाठवलेली रिबन काळ्या चौकटीत आली.

सिडकोकर

फोटो म्हणून पाठवली असेल. त्याचं जेपेग होतं आणि पारदर्शकता जाते, आकारही घटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा झिप करून.